आत्याबाई बसल्या त्याची गोष्ट

मी तिपाई बोलतेय. तीन लाकडी पाय, मधोमध एक लोखंडी बोल्ट आणि वर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाडंभरडं कापड, एवढाच माझा पसारा. घडी घातली की काखेत मावते, उघडली की चांगल्या धिप्पाड माणसालाही पेलते. सध्या मी एका खिळ्याला लटकून आहे. मला खाली काढणाऱ्या बाईंची सुट्टी व्हायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकते.

आम्हा बसायच्या वस्तूंना माणसांची तोंडं फारशी दिसत नाहीत. माणूस येतो, वळतो आणि टेकतो, की पुढचा सगळा कारभार पाठमोरा. तरी माणूस आम्हाला जितका कळतो तितका तो त्याच्या सख्ख्या भावालाही कळत नसेल. खोटं बोलता येतं, खोटं हसता येतं, रडतासुद्धा येतं. खोटं बसता मात्र येत नाही. कुणी टेकल्यासारखं करतो आणि सगळा भार पायांवर ठेवतो, कुणी कडेला अंग चोरून बसतो, कुणी दाणकन आदळतो. पूर्ण, निवांत, सगळं वजन सोडून बसणारी माणसं फार थोडी. ही गोष्ट तशा एका बसण्याची आहे.

माझा जन्म एका कारखानदाराच्या चिकटपणातून झाला. दुकानांपुढची कापडी छतं शिवायचा कारखाना होता. कापडाचे तुकडे उरायचे आणि ते टाकताना मालकाचा जीव तुटायचा. म्हणून त्यानं स्टुलं करायला घेतली. सुतारानं विचारलं, "चार पाय करू ना?" मालक म्हणाला, "तिनावर उभं राहतंय ना? मग चौथ्याचं लाकूड कशाला घालवतोस?" झाले मी तीन पायांची. कारखान्यातल्या चार पायांच्या खुर्च्या मला खूप हसायच्या. हसू देत. खडबडीत जमिनीवर चार पायांची खुर्ची डगडग करते, तीन पायांची कधीच करत नाही. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, नाहीतर तिथल्या तिथे त्यांची तोंडं बंद केली असती.

पहिला मालक मिळाला तो गळ टाकून मासे धरणारा एक कारकून. धरणारा म्हणायचं एवढंच, त्याला मासा मिळालेला मी पाहिला नाही. घरात बायकोचा आवाज चढला की हा मला काखेत मारून तळ्यावर यायचा. पुढे त्याच्या बायकोलाच मासे धरायचा नाद लागला, तळ्यावरही त्याला शांतता उरली नाही, आणि एका रविवारी त्यानं मला जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन दिलं.

तिथे मी एका फुटक्या दिव्याच्या आणि एका मुक्या रेडिओच्या मधे बरीच वर्षं धूळ खात पडले. कापडाचे रंग विटले, बोल्ट गंजला. गिऱ्हाईक यायचं, मला उघडायचं, "तीनच पाय?" म्हणायचं आणि परत ठेवायचं. आता आपण सरपणात जाणार अशी मी मनाची तयारी केली होती, आणि आत्याबाई आल्या.

ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, डाव्या गुडघ्याला गरम पट्टा बांधलेल्या. त्यांनी मला उघडलं, हलवून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "ही डगमगते का हो?"

"जमीन डगमगली तर डगमगेल, बाई."

त्या बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या. उजव्या पायावर एवढा जोर, की माझ्या वाट्याला निम्माही भार आला नाही. कुणी "ऊठ" म्हणालं तर त्याच क्षणी उठता यावं, असं ते बसणं. आणि तशाच त्या अर्धा तास बसून राहिल्या. दुकानदाराची जेवायची वेळ झाली. तो दोनदा खोकला.

"बाई, घ्यायची आहे ना?"

"घ्यायची आहे म्हणूनच बसलेय. विकत घेतल्यावर मोडली तर तुम्ही मला ओळख तरी दाखवाल का?" मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "मला हिच्यावर बसून एक चित्र बघायचंय. चित्र लांब आहे, म्हणून तिपाई पक्की हवी."

आणि जेवायला निघालेल्या त्या बिचाऱ्याला थांबवून त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मीही ती तिथेच ऐकली.

आत्याबाईंचं सगळं आयुष्य चित्रकोड्यांच्या कारखान्यात गेलं. एक मोठं चित्र जाड पुठ्ठ्यावर छापायचं, त्याचे हजार वेडेवाकडे तुकडे कापायचे आणि खोक्यात भरून विकायचं. लोक घरी नेऊन ते जुळवत बसतात. आत्याबाई तपासणी खात्यात होत्या. प्रत्येक खेपेतला एक खोका उचलायचा, हजार तुकडे जुळवून चित्र पुरं करायचं, एकही तुकडा कमी नाही ना ते पाहायचं आणि पुन्हा मोडायचं. टेबलं छातीएवढी उंच. बसायला सक्त मनाई. मुकादमाचं ठरलेलं वाक्य होतं, "बसलं की हात मंदावतात." म्हणजे गंमत बघा, जगभरची माणसं जे कोडं पाय पसरून जुळवायची, ते या बायका जन्मभर उभ्यानं जुळवत होत्या.

चित्रं बदलत राहिली, पण एक कधी बंद झालं नाही. एका प्रसिद्ध शहराचं. डावीकडे घंटेचा उंच मनोरा, मनोऱ्याच्या टोकावर तांब्याचा कोंबडा. मधे नदी आणि नदीवर तीन कमानींचा दगडी पूल. उजवीकडे अगदी पाण्याला लागून एक पिवळं घर, त्याच्या सज्ज्यात दोरीवर पांढरी चादर आणि चादरीशेजारी उभी असलेली एक बाई. आत्याबाईंनी हे चित्र किती वेळा जुळवलं त्याला हिशोब नाही. त्यातलं आभाळ म्हणजे शिक्षा, सगळे तुकडे एकसारखे निळे. त्या आभाळापाशी आल्या की पाय भरून यायचे आणि आत्याबाई शेजारणीला म्हणायच्या, "मी एक दिवस तिथे जाणार आणि या चित्रासमोर बसणार. बघायला नाही गं, बसायला!"

शेजारणी हसायच्या. मुकादम म्हणायचा, "असली जागा असते का कुठे? चित्रकारानं मनानं काढलंय ते." निरोपाच्या दिवशी कारखान्यानं आत्याबाईंना भेट दिली. कसली? त्याच चित्राचा एक खोका! आत्याबाईंनी तो उघडलासुद्धा नाही. त्या घरी आल्या आणि त्यांनी भाच्याला सांगितलं, "मला त्या शहराला ने."

भाचा बस आगारात वेळापत्रकं बनवायचा. माणूस प्रेमळ, पण त्याला सगळं मिनिटाच्या हिशोबात लागायचं. त्यानं तीन दिवसांच्या सहलीचं असं वेळापत्रक आखलं, की त्यात पाणी प्यायलाही थांबा होता. आत्याच्या गुडघ्याला मात्र त्यात कुठे जागा मिळेना.

"आत्या, तू हॉटेलच्या खिडकीत आराम कर," तो म्हणाला. "आम्ही दोघं फिरून येतो. तुझ्या चित्राचे भरपूर फोटो आणतो."

"चित्रच बघायचं असतं तर कारखान्यातच उभी राहिले असते की रे!" आत्याबाई म्हणाल्या. "मला बसायचंय. आणि बसायची सोय मी केलीय." त्यांनी मला टेबलावर ठेवलं. भाच्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, तोंडावर हात धरून हसू दाबलं. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तीनच पाय?"

अशा रीतीनं आम्ही चौघं निघालो.

शहर सुंदर होतं, यात वाद नाही. पण काही शहरांना आपण सुंदर असल्याचं इतकं ठाऊक असतं, की आलेल्या माणसाची ती फिकीर करत नाहीत. बसमधून उतरल्यापासून नुसती डोकी दिसत होती. चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यांवरून खडखडत होत्या. वाटाडे छोटे झेंडे नाचवत पुढे, त्यांच्यामागे माणसांचे कळप. दर दहा पावलांना कुणीतरी हात लांब करून स्वतःचाच फोटो काढत थांबलेला, त्याच्यामुळे मागची सगळी रांग खोळंबलेली. हॉटेल वरच्या मजल्यावर, जिना शिडीसारखा उभा, आणि खोली एवढी की भाच्यानं सदरा काढला की सूनबाईंना दाराबाहेर जावं लागे.

आणि बसायला जागा? नाव नको! चौकात बाक नाही. कारंज्याच्या कठड्यावर अणकुचीदार सळया, का तर कुणी टेकू नये. चहाच्या दुकानात उभ्यानं प्यायलात तर एक दर, खुर्चीवर बसून प्यायलात तर दुप्पट. देवळासारख्या थोरल्या इमारतीच्या लांबलचक पायऱ्या बघून आत्याबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पायरीवर टेकतात न टेकतात तोच कर्रकन शिट्टी वाजली.

"उठा, उठा! पायऱ्यांवर बसायला बंदी आहे!" खाकी टोपीतला एक रखवालदार धावत आला. आम्ही त्याचं नाव शिट्टीवाला ठेवलं.

आत्याबाई उठल्या. मला उघडून त्यांनी पायऱ्यांपासून चार हात लांब मांडलं आणि टेकल्या. शिट्टीवाला घोटाळला.

"इथेही नाही बसता येणार, बाई."

"तुमच्या शहरावर कुठे बसलेय? माझ्या तिपाईवर बसलेय."

शिट्टीवाल्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. पायऱ्या, कठडे, ओटे, गवत, सगळ्यांची नावं नियमात होती, घरून आणलेल्या तिपाईचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "रस्ता अडतोय," आणि तोवर शरमेनं लाल झालेल्या भाच्यानं मला मिटून काखेत मारलं. "आत्या, लोक बघतायत गं!" लोक खरंच बघत होते. त्यातल्या तिघींनी तर मी कुठे मिळते म्हणून सूनबाईंना विचारलं.

त्या दोन दिवसांत मी जेवढं काम केलं तेवढं कारकुनानं माझ्याकडून वर्षभरात करून घेतलं नसेल. मनोऱ्याच्या रांगेत मी दर वितीवर उघडत होते आणि मिटत होते. रांग सरकली की आत्याबाई मला पायानंच पुढे ढकलायच्या आणि टेकायच्या. पुढचा म्हातारा माझ्याकडे इतक्या आशेनं बघायला लागला, की आत्याबाईंनी त्यालाही मधे मधे बसवलं, आणि त्या बदल्यात त्याच्या बायकोनं आम्हाला उकडलेली अंडी दिली. एका वस्तुसंग्रहालयाच्या दारात मात्र मला आत सोडेनात. मला छत्र्यांबरोबर टांगून ठेवलं. छत्र्या सगळ्या मानी, पावसाखेरीज कशावर बोलायच्या नाहीत. थोड्याच वेळात आत्याबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत राजाचं सिंहासन आहे म्हणे. त्याच्यावरही बसू देत नाहीत. माझी तिपाई द्या."

हे सगळं गमतीचंच होतं. खरा घोर वेगळा होता. आत्याबाईंचं चित्र सापडत नव्हतं.

शहर तेच, यात शंका नव्हती. मनोरा होता, त्यावर कोंबडा होता, नदी होती, तीन कमानींचा पूल होता. सगळे प्रवासी पुलाच्या खालच्या अंगाला, पाणी वाहून जातं त्या बाजूच्या रुंद रस्त्यावर उभे राहून फोटो काढत होते. तिथे आत्याबाई मला मांडायच्या. मनोरा डावीकडे, बरोबर. पूल मधे, बरोबर. उजवीकडे पिवळं घर हवं, तर तिथे काचेचं मोठं हॉटेल. आम्ही मागे गेलो, पुढे गेलो, चढावर गेलो. भाच्यानं वेळापत्रकातले दोन थांबे गाळले, हे त्याच्या दृष्टीनं केवढं मोठं दान! त्यानं फुगेवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं, शेवटी शिट्टीवाल्यालाही विचारलं.

"पाण्याला लागून पिवळं घर? या बाजूला?" शिट्टीवाला म्हणाला. "इथे कधीच नव्हतं, बाई. माझा जन्म या शहरातला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा हळूच म्हणाला, "आत्या, मुकादम म्हणायचा तेच खरं असेल गं. चित्रकारानं घर मनानं घातलं असेल. आजूबाजूचं तर सगळं पाहिलंस ना?"

 आत्याबाई माझ्यावर टेकलेल्या होत्या. त्यांचा भार एकदम कमी झाल्यासारखा वाटला मला. कारखान्यात जन्म गेला, गुडघे गेले, आणि ज्याच्या आशेवर गेले ते कुठे नव्हतंच. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. पण तिपाईनं करायचं काय? पाय घट्ट रोवून उभी राहिले, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची बस होती. पुलाजवळची गर्दी टाळायची म्हणून भाच्यानं आम्हाला मागच्या गल्ल्यांमधून, नदीच्या वरच्या अंगानं नेलं. इकडे प्रवासी औषधालाही नव्हते. हॉटेलांच्या मागच्या बाजू, कोळशाची वखार, सायकली दुरुस्त करणारा, आणि एका कोपऱ्यावर दार सताड उघडं टाकलेलं न्हाव्याचं दुकान. नेमका तिथेच आत्याबाईंचा गुडघा धरला. एक पाऊल पुढे पडेना.

"पाचच मिनिटं," त्या म्हणाल्या. मला उघडून त्यांनी फरसबंदीवर मांडलं. दगड वरखाली होते, मी जराही डगमगले नाही.

"आत्या, नदीकडे तोंड करून बसा ना," सूनबाई म्हणाल्या. "इकडून पाणी छान दिसतंय."

"मला आता त्या नदीचं तोंड बघायचं नाही," असं म्हणून आत्याबाई नदीकडे पाठ करून, न्हाव्याच्या दुकानाकडे तोंड करून बसल्या. रुसल्याच होत्या सरळ.

दुकानात न्हावी एका जाड्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासत होता. त्यांच्यासमोर भिंतभर आरसा. आत्याबाई उगाच तिकडे बघत राहिल्या. भाचा घड्याळ बघत राहिला. मग मला जाणवलं, की आत्याबाईंचा श्वास अडकलाय.

आणि त्या उठल्या. गुडघ्यावर हात न ठेवता, हुश्श न करता, शाळकरी पोर उठावी तशा! सरळ दुकानात शिरल्या, जाड्या गिऱ्हाइकाचं डोकं हातानं बाजूला केलं आणि आरशात बघून ओरडल्या, "हे काय! हे बघा! हे!"

आरशात चित्र होतं. डावीकडे मनोरा, मनोऱ्यावर कोंबडा. मधे तीन कमानींचा पूल. आणि उजवीकडे, पाण्याला लागून, पिवळं घर.

भाच्यानं आरशात पाहिलं, मग वळून दाराबाहेर नदीकडे पाहिलं. बाहेर मनोरा उजवीकडे होता आणि घर डावीकडे. त्यानं पुन्हा आरशात पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अरे, आमचं चित्र उलटं होतं!" आत्याबाई म्हणाल्या. "छापताना फिल्म उलटी लावली मेल्यांनी! कुणीतरी पहिल्या दिवशी उलटी लावली आणि तीच चालत राहिली. चित्रात एक अक्षर नाही, एक आकडा नाही, कळणार कुणाला? इतक्या वर्षांत आम्ही इतक्या जणींनी एकेक तुकडा तपासला रे, एक तुकडा कमी पडू दिला नाही, आणि सगळं चित्रच उलटं!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसत राहिल्या. सूनबाई हसल्या. फेस फासलेलं गिऱ्हाईक हसलं. "म्हणून आपण नदीच्या चुकीच्या अंगाला शोधत होतो!" भाचा म्हणाला. न्हावी वस्तरा हातात धरून शांतपणे म्हणाला, "मी तर रोज असंच बघतो. मला वाटायचं, पुलापलीकडे जमतात तेच वेडे."

तेवढ्यात भाच्याची नजर घड्याळावर गेली आणि त्याचं हसू मावळलं. आता निघालं तरच बस मिळणार होती. आत्याबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.  मागितलंच नाही त्यांनी. बॅगेकडे हात नेला फक्त.

भाच्यानं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

"जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या," तो म्हणाला. "आज आपली चुकली तर चुकली. चल आत्या, तुला बसायचंय ना?" आणि त्यानं मला स्वतः उचललं, काखेत नाही, दोन्ही हातांत, समारंभात काहीतरी मानाचं न्यावं तसं.

दुकानासमोरून चार पायऱ्या उतरल्या की पाण्याशी एक दगडी धक्का होता. तिथे आत्याबाईंनी जागा शोधायला सुरुवात केली. आता त्यांना विचारायची गरज नव्हती. कोंबडा मधल्या कमानीच्या कुठल्या बाजूला पडतो, घराच्या छपराची कड पाण्याला कुठे टेकते, सगळं तोंडपाठ, फक्त उलटं करायचं. "इकडे. अजून जरा इकडे. मागे घे. थांब! इथेच." भाच्यानं मला तिथे मांडलं. सूनबाई दोन पावलं मागे सरल्या.

आत्याबाई माझ्यापुढे आल्या, वळल्या आणि बसल्या.

कसं सांगू तुम्हाला! आधी निम्मा भार आला, नेहमीसारखा. उजवा पाय तयारीतच होता. मग हळूहळू त्या पायातला जोर गेला. मग कंबर सैल पडली, मग पाठ. कारखान्यातल्या सगळ्या सकाळी, सगळी निळी आभाळं, सगळ्या शिट्ट्या जणू माझ्यावर उतरत गेल्या. माझं कापड ताणलं, बोल्ट कुरकुरला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचं सगळं, सगळं वजन पेललं. आत्याबाई पूर्ण बसल्या होत्या! त्या कारकुनाला तळ्यावर, त्या म्हाताऱ्याला रांगेत जे जमलं नाही ते माझ्या आत्याबाईंना जमलं. मला इतका अभिमान वाटला, की मला चौथा पाय असता तर तो मी हवेत उडवला असता.

दूर पुलावरून कर्रकन शिट्टी आली. शिट्टीवाला कठड्यावर टेकलेल्या कुणाला तरी उठवत होता. आत्याबाईंनी तिकडे पाहिलं, हसून हात हलवला आणि जागच्या तसूभरही हलल्या नाहीत.

किती वेळ गेला ते भाच्यानंही मोजलं नाही. मग पिवळ्या घराचं दार उघडलं. ते आता हॉटेलांच्या चादरी धुवायचं धुलाईघर होतं, आतून वाफेचा ढग बाहेर आला. ढगामागून एक बाई सज्ज्यात आली, दोरीवर पांढरी चादर टाकली आणि खांबाला टेकून उभी राहिली. आधी एक पाय उचलून धरला, मग दुसरा. सूनबाई पुटपुटल्या, "अगं बाई, अगदी चित्रातल्यासारखी!"

पण आत्याबाई चित्र बघत नव्हत्या. त्या बाईचे पाय बघत होत्या. उभ्यानं काम करणाऱ्या माणसाची ती तऱ्हा त्यांना सांगायला नको होती.

"अहो ताई," त्यांनी हाक मारली, "बसता का जरा?"

"बसायला कुठे आहे इथे?" बाई थकलेलं हसली.

"आहे," आत्याबाई म्हणाल्या. त्या उठल्या, मला उचललं, आणि ज्या चित्रासमोर आयुष्यभर उभ्या होत्या त्या चित्राच्या आत चालत गेल्या.

सज्ज्यात मला मांडून त्या म्हणाल्या, "बसा."

"नको हो. मुकादम बघेल. बसलं की हात मंदावतात म्हणतो."

"सगळे मुकादम एकाच शाळेत शिकलेत वाटतं!" आत्याबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. तो आला तर मी बघते."

बाई बिचकत टेकली. उजव्या पायावर जोर ठेवून, कुणी "ऊठ" म्हणालं तर त्याच क्षणी उठता यावं अशी. हे बसणं मी कुठेही ओळखलं असतं. आत्याबाईंनीही ओळखलं असणार, कारण त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग भाच्याला म्हणाल्या, "चल. पुढची गाडी केव्हा आहे?"

"आणि तिपाई? आत्या, तुला रस्त्यात लागेल की!"

"गाडीत बाक आहे, घरी खुर्च्या आहेत. इथे काय आहे?"

त्यांनी खाली वाकून माझा बोल्ट एकदा घट्ट केला, कापडावरून हात फिरवला आणि गेल्या. भाच्याचा हात धरून, पण ताठ. चढावर न्हाव्याच्या दुकानापाशी त्या वळल्या आणि आरशात नाही, सरळ नदीकडे बघून हात हलवला. माझे पाय चालणारे असते तर मीही त्यांच्या मागे गेले असते, असं म्हणवत नाही. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. मला माझी जागा मिळाली होती.

तेव्हापासून मी या सज्ज्यात आहे. मुकादमानं सुरुवातीला आकाशपाताळ एक केलं, मला नदीत फेकायची धमकी दिली. बायकांनी मला ओल्या चादरींमागे लपवलं. मग एकदा सगळ्या जेवायला गेल्या असताना तो स्वतः गुपचूप येऊन माझ्यावर टेकला. त्याचेही गुडघे गेलेले आहेत, हे मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी भिंतीत हा खिळा आला. खिळा कुणी ठोकला ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझं कापड दोनदा शिवून झालंय. एका पायाला सुतळी गुंडाळली आहे. कोंबडा मला रोज दिसतो. तुम्ही या शहरात आलात तर पुलाच्या खालच्या अंगाला गर्दीत उभे राहाल, धक्के खाल, शिट्ट्या ऐकाल. खाऊन घ्या. मग वरच्या अंगाला या. मी रिकामी असले तर बसा, आणि बसाल तर पूर्ण बसा, अंग चोरू नका. आणि तुमच्या घरी, दुकानात, कारखान्यात कुणी दिवसभर तुमच्यासमोर उभं असेल, तर त्याच्यासाठी एक तिपाई ठेवा. तीन पायांची चालेल, चौथ्याचं लाकूड वाचतं.

बरं, आतलं यंत्र थांबलं. दार उघडतंय. बाई आल्या. हल्ली त्या टेकत नाहीत, पूर्ण बसतात. मला खाली काढतायत, आता मला काम आहे.